दोन पट्ट्यांमधला सूर: थेलोनियस मंक ऐकायचा कसा

आमच्या काकांकडे जुनी पेटी आहे. सकाळचा चहा झाला की ते तिच्यावर दोन-तीन अभंग वाजवतात, मग पेपर. एकदा मी त्यांच्यासमोर मोबाइलवर थेलोनियस मंक या अमेरिकन जॅझ संगीतकाराचा पियानो लावला. दोनेक मिनिटं त्यांनी पेपर खाली ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "त्याची पेटी आधी जुळवून घ्यायला सांग." थोड्या वेळाने पुन्हा मान वर केली. "आणि हा मधेच थांबतो का? पुढचं विसरतो?"

मला हसू आलं, कारण 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या बऱ्याच समीक्षकांचे हेच दोन आक्षेप होते: सूर चुकतात आणि हात अडखळतात. याला पियानो वाजवता येत नाही, असं छापूनही आलं. आज त्याच माणसाच्या चाली जगभरातल्या जॅझ शिकणाऱ्या मुलांना पाठ कराव्या लागतात. मधल्या काळात मंकने आपलं वाजवणं फारसं बदललेलं नव्हतं. बदलले ते ऐकणाऱ्यांचे कान. ते कसे, हे काकांच्या दोन प्रश्नांच्या आधाराने बघू.

आधी माणसाची थोडी ओळख. थेलोनियस स्फिअर मंक. हे त्याचं खरं नाव, टोपणनाव नाही. जन्म 10 ऑक्टोबर 1917, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॉकी माउंट गावी. तो चार-पाच वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनमधल्या 63व्या रस्त्यावर, कृष्णवर्णीयांच्या दाट वस्तीत, हे कुटुंब राहू लागलं. लहानपणी त्याला पाश्चात्त्य अभिजात पियानोचे रीतसर धडे मिळाले. ऐन तारुण्यात एका धर्मप्रचारक बाईंच्या ताफ्याबरोबर तो गावोगाव ऑर्गन वाजवत हिंडला. कानावर संस्कार होता तो हार्लेमच्या 'स्ट्राइड' पियानोचा. जेम्स पी. जॉन्सन हा त्यातला बडा माणूस. यात डावा हात खाली एक सूर आणि वर एक सुरांचा झुबका असा ढम-चक, ढम-चक झुलत राहतो आणि उजवा हात वर नक्षी काढतो. हे सगळं शिकून झाल्यावरच मंक 'चुकीचं' वाजवायला लागला. तेव्हा येत नव्हतं म्हणून चुकायचा, ही शंका इथेच बाजूला ठेवू.

आता पहिला प्रश्न: पेटी जुळलेली आहे का?

घरात पेटी असेल तर एक गंमत करून बघा. मोबाइलवरच्या कीबोर्डवरही जमेल. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार या शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबा. आवाज बोचेल. आता कोमल गंधारावरचं बोट झटकन उचला, शुद्ध तसाच धरून ठेवा. पुन्हा करा, जरा लवकर. सूर खालून घसटत वर गेल्यासारखा वाटतो ना? प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नाही, पट्ट्या जागच्या जागी आहेत. फसला तो कान.

ही फसवणूक हवी कशाला? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यात गंधार धड कोमल नसतो आणि धड शुद्धही नसतो. गायक तो दोघांच्या मधे कुठेतरी, ओढून लावतात. गळ्याला ते सहज जमतं, गिटारची तारही ओढता येते. पियानो मात्र पेटीसारखाच. एक पट्टी, एक सूर, मधे काही नाही. पेटीला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती नाहीत, ही तक्रार आपल्याला नवीन नाही. त्यापायी आकाशवाणीने तिला कित्येक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं. मंकचीही अडचण तीच. मधला सूर वाद्यात नाही, तर त्याच्या दोन्ही बाजूंचे सूर एकमेकांवर आपटायचे आणि मधल्याचा भास उभा करायचा, हा त्याने काढलेला तोडगा. काकांना जे बेसूर वाटलं ते म्हणजे मींड नसलेल्या वाद्यावर मींड घेण्याची धडपड.

दुसरी सवय त्याच्या तानेची. वरून खाली सरसर येणारी एक ओळ तो वारंवार घ्यायचा. तिचे सूर आपल्या भाषेत सांगायचे तर सा, रे, शुद्ध ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. प्रत्येक दोन सुरांमधे सारखंच अंतर, एक पट्टी सोडून पुढची. या सहांत पंचम नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणजे तंबोरा ज्यावर उभा असतो तो आधारच काढून घेतलेला. सगळी अंतरं सारखी असल्यामुळे यातला कोणताही सूर षड्ज मानता येतो, आणि म्हणूनच एकही ठामपणे षड्ज वाटत नाही. ऐकणाऱ्याला क्षणभर जिन्याची पायरी चुकल्यासारखं होतं. मग मंक नेमका घरच्या सुरावर उतरतो.

बोटांचंही सांगायला हवं. पियानोच्या शिकवणीत बोटं गोल वळवून ठेवायला शिकवतात. मंकची बोटं सपाट, ताठ, वर भल्या मोठ्या अंगठ्या. पट्टीवर बोट ठेवण्याऐवजी वरून मारल्यासारखा हात. जुन्या चित्रफितींत हे स्पष्ट दिसतं. त्यामुळे त्याचा आवाज टणक, ठोकल्यासारखा येतो. पियानोच्या पोटात शेवटी हातोड्याच असतात, आणि मंक ते कधी विसरू देत नाही.

आता दुसरा प्रश्न, मधेच थांबण्याचा. याला उत्तर द्यायचं तर जॅझची चौकट आधी समजून घ्यावी लागेल.

साधारण असं असतं: सुरुवातीला सगळे मिळून ठरलेली चाल वाजवतात. या चालीची लांबी पक्की असते. ब्लूज असेल तर चार-चार मात्रांचे 12 खण, म्हणजे 48 मात्रांचं एक आवर्तन. इतर गाणी बहुतेक 32 खणांची. चाल संपली की एकेक वादक त्याच आवर्तनात, त्याच स्वरसंगतीवर (चालीच्या खाली ठरलेल्या क्रमाने वाजणाऱ्या सुरांच्या झुबक्यांवर) आपापली उपज करतो. बास आणि ड्रम लय धरून असतात, आवर्तन फिरत राहतं, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. ठेका आणि नगमा चालू असताना वादकाने विस्तार करावा, त्यातलाच प्रकार.

लय धरायला दुसरे दोघं आहेत म्हटल्यावर पियानोवाला गप्प बसला तरी आवर्तन थांबत नाही. मंकने हे ओळखलं आणि मनसोक्त वापरलं. एक सूर टाकायचा, दोन-तीन मात्रा सोडून द्यायच्या, ऐकणाऱ्याला वाटावं आता येईल, तिथे यायचं नाही. मग अर्ध्या मात्रेवर तिरकस यायचं. समेच्या अलीकडे किंवा पलीकडे मुखडा आणून टाकायला आपल्याकडे अतीत-अनागत म्हणतात, आणि चांगला तबलजी समोर असेल तर श्रोते खूश होऊन मान डोलावतात. मंकचा खेळ याच जातीचा आहे. समेची जागा मनात पक्की असल्याशिवाय ती अशी चुकवता येत नाही. विसरलेला माणूस समेवर परत येत नसतो.

हे अगदी जवळून बघायचं तर 'स्ट्रेट, नो चेसर' घ्या. मंकने ती पहिल्यांदा 1951 मध्ये ध्वनिमुद्रित केली. 12 खणांचा सरळ ब्लूज. चालीचा सगळा कच्चा माल म्हणजे एक इवलासा तुकडा: खालचा पंचम, सा, रे, कोमल ग, शुद्ध ग. मघाशी ज्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या, त्या इथे एकापाठोपाठ येतात. हा तुकडा मंक पुन्हा पुन्हा म्हणतो, पण दर वेळी वेगळ्या मात्रेवरून सुरू करतो. कधी शेपूट जोडतो, कधी तोडतो. एका वेळी शेवटचा सूर ठोक्यावर पडतो, पुढच्या वेळी तोच दोन ठोक्यांच्या मधे लोंबकळतो. शब्द तेच ठेवून जोर बदलला की वाक्याचा अर्थ बदलतो, तसं होतं. 'तू आलास', 'तू आलास?', 'तू? आलास?' पाच सुरांत त्याने अख्खं आवर्तन भरलंय. आधी टाळ्या देत 48 मात्रा मोजून बघा. तिसऱ्या-चौथ्या तुकड्याला मोजणी हमखास हुकते.

याच्याही पुढची पायरी म्हणजे 1947 ची 'थेलोनियस' ही रचना. चाल जवळजवळ एकाच सुरावर उभी आहे. तोच सूर वर टोचत राहतो आणि खालची स्वरसंगती सरकत राहते, त्यामुळे न बदललेला सूरही दर वेळी वेगळा भासतो. दिवा जागच्या जागी ठेवून भिंत हलवावी तसं.

आणि 'एव्हिडन्स'. ही चाल कमी, तुरळक पडलेले ठोके जास्त. तिची स्वरसंगती 'जस्ट यू, जस्ट मी' या लोकप्रिय गाण्यावरून घेतलेली आहे. जॅझमध्ये हे सर्रास चालायचं, कारण स्वरसंगतीवर कोणाचा मालकी हक्क नसतो, चालीवर असतो. नावामागे कोटी आहे. 'जस्ट यू, जस्ट मी' म्हणजे फक्त तू नि मी, म्हणजे 'जस्ट अस'. त्याचा उच्चार 'जस्टिस'सारखा, म्हणजे न्याय. आणि न्याय म्हटला की लागतो पुरावा, एव्हिडन्स. पुलंना आवडली असती अशी कोटी.

मंकला अनेक जण 'विचित्र सुरांचा माणूस' म्हणून ओळखतात. माझ्या मते इथेच त्यांची गल्लत होते.

1940 च्या सुमारास हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाउस नावाचा क्लब होता. मंक तिथला नेमणुकीचा पियानोवादक. रात्री उशिरा ट्रंपेटवर डिझी गिलेस्पी, गिटारवर चार्ली ख्रिश्चन, ड्रमवर केनी क्लार्क अशी मंडळी जमायची आणि तासन्‌तास वाजवायची. त्यातून 'बीबॉप' नावाचं नवं जॅझ निघालं: भन्नाट वेग, गुंतागुंतीची स्वरसंगती, लांबच लांब ताना. यात मूळ चाल एकदा वाजवली की तिचं काम संपायचं. पुढची कसरत फक्त स्वरसंगतीवर. मंक या सगळ्याच्या जन्माला हजर होता, जाहिरातीत त्याला बीबॉपचा महापुरोहितही म्हटलं गेलं, पण तो वाजवत होता निराळंच. वेगाची त्याला हौस नव्हती. आणि उपज करताना त्याने मूळ चाल कधी सोडली नाही. त्याचा विस्तार लक्ष देऊन ऐकला तर चालीचा तुकडा कुठे ना कुठे डोकावतोच. कधी उलटा, कधी अर्धा, कधी एका अंगठीच्या खणखणाटात.

सोप्रानो सॅक्सोफोनवादक स्टीव्ह लेसी 1960 मध्ये काही काळ मंकबरोबर वाजवत होता. मंकच्या तोंडून निघालेल्या सूचना तो वहीत उतरवून ठेवायचा. त्या वहीतली पानं आज सगळीकडे फिरतात. ड्रम वाजवत नाहीस म्हणून ताल सांभाळायचा नाही असं नाही, ही एक सूचना. वाजवताना पायाने ठेका धर आणि मनात चाल गुणगुणत राहा, ही दुसरी. आणि माझी सर्वांत आवडती: ते विचित्र सूर बंद कर, चाल वाजव! हे सांगणारा कोण, तर खुद्द मंक.

त्याच्या रचना मोजल्या तर साधारण 70 भरतात. ड्यूक एलिंग्टनच्या हजारावर रचनांपुढे हा आकडा चिमूटभर. पण यातल्या बहुतेक आजही वाजतात. 'राउंड मिडनाइट' तर जॅझ संगीतकारांनी केलेल्या सर्वाधिक ध्वनिमुद्रित चालींपैकी एक आहे. ती पहिल्यांदा 1944 मध्ये कूटी विल्यम्सच्या वाद्यवृंदाने ध्वनिमुद्रित केली. मंकला स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढायची संधी मिळाली ती त्यानंतर, 1947 मध्ये, ब्लू नोट कंपनीकडून. तोवर तो तिशीला आला होता.

पुढचा काळ कठीण गेला. ऑगस्ट 1951 मध्ये मित्र बड पॉवेल याच्याबरोबर गाडीत बसलेला असताना पोलिसांना हेरॉइन सापडलं. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही आणि 60 दिवसांची कैद भोगली. खरी शिक्षा पुढे होती. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा जिथे दारू मिळते तिथे वाजवायचं असेल तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे. मंकचं ते काढून घेतलं गेलं. जॅझ चालायचं दारूच्या क्लबांतच, त्यामुळे जवळपास सहा वर्षं आपल्याच शहरातल्या क्लबांत त्याला वाजवता आलं नाही. संसार बराचसा पत्नी नेलीच्या कमाईवर चालला. 1955 मध्ये रिव्हरसाइड कंपनीने त्याला घेतलं, तेव्हा आधीच्या कंपनीचं त्याच्याकडे देणं होतं 108 डॉलर 27 सेंट. तेवढ्या पैशात तो करारातून सुटला. ज्याच्या चालींवर पुढे किती जणांची घरं चालली, त्याची ही किंमत.

रिव्हरसाइडसाठी 1956 मध्ये केलेलं 'ब्रिलियंट कॉर्नर्स' हे त्याचं सर्वांत अवघड काम. चाल 32 खणांची नाही, 22 खणांची: आधी 8, मग 7, मग 7. त्यातही एक आवर्तन ठाय, पुढचं दुगुणीत, परत ठाय. समोर मॅक्स रोच, ऑस्कर पेटिफर्ड, सनी रोलिन्स असे कसलेले वादक, आणि तरी 25 वेळा वाजवून एकदाही रचना पूर्ण, बिनचूक झाली नाही. शेवटी निर्माता ऑरिन कीपन्यूज याने वेगवेगळ्या वेळचे तुकडे जोडून ती तयार केली. (यातला रोलिन्स पुढे 1960 च्या दशकाच्या अखेरीस योग शिकायला पवईच्या आश्रमात येऊन राहिला आणि 1978 मध्ये मुंबईच्या पहिल्या जॅझ यात्रेत वाजवून गेला. मंकच्या कारखान्यातला एक कारागीर आपल्या गावात येऊन गेला म्हणायचा.)

1957 मध्ये कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट या छोट्या क्लबात मंकची चौकडी बसली. सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन. कोलट्रेनने मंकबरोबर वाजवण्याचं वर्णन करून ठेवलंय: सतत सावध राहावं लागायचं, जरा लक्ष हललं तर लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत पाय पडल्यासारखं व्हायचं. या जोडीचं नीट ध्वनिमुद्रण फारसं उरलं नाही, अशी हळहळ जवळजवळ 50 वर्षं चालू होती. मग 2005 मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात जुन्या टेपा चाळताना 29 नोव्हेंबर 1957 ची कार्नेगी हॉलमधली त्यांची अख्खी मैफल सापडली. सुरुवात करायची असेल तर ही घ्या. दोघंही मजेत आहेत.

नंतर प्रसिद्धी आली. फेब्रुवारी 1964 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर मंक झळकला. आणि लगेच नवी तक्रार सुरू झाली: हा त्याच त्या चाली वाजवतो. मला ही तक्रार कधी कळलीच नाही. जन्मभर यमन गाणाऱ्याला कोणी विचारतं का, नवीन काय?

त्याच्या टोप्या, मैफलीत सॅक्सोफोन चालू असताना उठून स्वतःभोवती गिरक्या घेत नाचणं, मुलाखतीत तासभर न बोलणं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. गिरक्यांचं कारण साधं होतं. लय जमली की तो उठायचा, नाही जमली तर बसून राहायचा. बरोबरच्या वादकांना ते कळायचं. पण सगळंच गमतीचं नव्हतं. मंकला गंभीर मानसिक आजार होता, कित्येकदा रुग्णालयात ठेवावं लागलं. 'वेडा प्रतिभावंत' हे लेबल लावून त्याचं दुखणंही करमणुकीत जमा केलं गेलं, याचा मला राग येतो. 'ब्लू मंक'सारखी चाल आजारातून होत नाही. ग, म, तीव्र म, प अशा शेजारच्या पट्ट्यांनी ती जिना चढते. पेटीवर दहा मिनिटांत बसेल, पण तिची डौलदार चाल बसवायला वर्ष जाईल.

1970 च्या दशकाच्या मध्यानंतर तो मंचावर आला नाही. न्यू जर्सीतल्या वीहॉकेनमध्ये, पॅनोनिका या आश्रयदात्या मैत्रिणीच्या घरी राहिला. घरात पियानो होता, तो क्वचितच वाजवायचा. 17 फेब्रुवारी 1982 रोजी तो गेला. त्याचा जुना सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ आणि ड्रमवादक बेन रायली यांनी त्याच्या मधल्या नावावरून 'स्फिअर' नावाची चौकडी काढली होती. मंकच्याच चालींची त्यांची पहिली रेकॉर्ड ते त्याच दिवशी स्टुडिओत वाजवत होते. मरणोत्तर मान पुढे येत राहिले. 1986 मध्ये त्याच्या नावाने जॅझ शिकवणारी संस्था निघाली (2019 पासून ती हर्बी हॅनकॉकच्या नावाने आहे), आणि 2006 मध्ये पुलित्झरचा विशेष गौरव झाला.

मला मात्र त्यापेक्षा 2020 मध्ये निघालेली एक रेकॉर्ड आवडते. ऑक्टोबर 1968. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येला सहा महिने झालेले, वातावरण तापलेलं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या शाळेतल्या 16 वर्षांच्या एका गोऱ्या मुलाने ठरवलं की शाळेच्या सभागृहात मंकला बोलवायचं. तिकिटं खपेनात म्हणून त्याने शेजारच्या कृष्णवर्णीय वस्तीतही पोस्टर लावले. तिथल्या लोकांचा विश्वास बसेना. एवढा मोठा माणूस शाळेत कशाला येईल? ते शाळेच्या आवारात येऊन वाट बघत उभे राहिले, आणि वादकांची गाडी दिसल्यावर तिकिटं काढून आत गेले. मैफल झाली, पाऊण तासाहून जास्त. टेप झाली ती शाळेतल्या सफाई कामगारामुळे. तो आधी मुलाकडे येऊन म्हणाला होता: मला रेकॉर्ड करू दे, त्या बदल्यात पियानो मी जुळवून देतो.

काकांना ती रेकॉर्ड ऐकवली. हा पियानो जुळवलेला आहे, हे आधीच सांगून ठेवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेटी पुढ्यात ओढली आणि कोमल गंधार नि शुद्ध गंधार एकदम दाबून बघितले.